साळूबाईकडचं डिनर

साहेबलोकांच्या जेवणाच्या वेळा विचारायच्या तर मलाच! मी सांगलीचा मॅट्रिक. कुंडलच्या शाळेत मास्तर म्हणून आल्यापासून गावात आलेला इंग्रजी कागद माझ्याशिवाय कुणी उलगडतही नसे.

पंचेचाळीस साली लढाई संपली आणि साळूबाई एक पत्र घेऊन माझ्याकडे आली. तिचा मुलगा मानसिंग इटलीत लढताना पडला होता. त्याचा कॅप्टन विलायतेला परतण्याआधी तिला भेटायला येणार होता.

"मास्तर, त्येला जेवायला बलवा," ती म्हणाली. "सायेब आपल्या डब्यातलं अर्धं पोराला द्यायचा, पोरानं लिवलं हुतं. माज्या हातचं त्येच्या पोटात जाऊ द्या. दुसरं कायबी नगं."

मी झोकात लिहिलं, रविवारी डिनरला यावे!

"म्हंजी दुपारी," तिचा दीर आकाराम म्हणाला. हा पलटणीतून हवालदार होऊन परतलेला. "गोरं शिपाई दुपारच्या जेवणाला डिनर म्हंत्यात. सांजच्या जेवणाला टी."

"ते साधे शिपाई!" मी झाडलं. "साहेबलोक दुपारी लंच घेतात आणि रात्री डिनर. हा कॅप्टन आहे, आकाराम!"

"आवं, पर मी सात वरसं त्येंच्यात..."

"मॅट्रिक कोण झालंय?"

आकाराम उठून चालू लागला. मला फार बरं वाटलं.

रविवारी बाराच्या ठोक्याला साहेब दारात हजर! जेवणासाठी आणलेला बोकड अंगणात निवांत पाला खात होता. तो कापणारा धुळा संध्याकाळी यायचा होता. मी ओढ्यावर धोतर पिळत होतो, तसाच ओलाचिंब धावलो.

"सर, डिनर तर रात्री!" मी इंग्रजीत ओरडलो.

साहेब कानापर्यंत लाल झाला. "माझे वडील खाणीत कोळसा फोडायचे," तो म्हणाला. "आमच्याकडे डिनर दुपारीच. मीही शिपायाचाच कॅप्टन झालोय." त्याला तीनची गाडी गाठायची होती. उद्या मुंबईहून बोट!

आकाराम माझ्याकडे न बघता साहेबासाठी घोंगडं अंथरू लागला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

साळूबाई चुलीपुढं मटकन बसली. "मानसिंगा, येवढंबी जमलं न्हाई रं," असं पुटपुटली. तेव्हा मला माझी खरोखर लाज वाटली.

मग ती उठली. स्वतःसाठी वाढून घेतलेली भाकरी, खर्डा आणि कांदा तिनं साहेबापुढं ठेवला. साहेब घोंगड्यावर मांडी घालून बसला. खर्ड्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली. खर्डा संपला तरी डोळे थांबेनात.

"या जेवणाला तुमच्यात काय म्हणतात?" त्यानं मला विचारलं. मी तेच साळूबाईला मराठीत विचारलं.

भाकरी मोडून देता देता ती म्हणाली, "त्येला सांगा, आमच्यात जेवणाला नाव नसतं. ल्योक घरी आला की जेवायची येळ झाली."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ते वाक्य काही केल्या इंग्रजीत बसेना.

"लंच, सर," मी म्हणालो.