अर्जवाले नाना

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू पहाटे पाचला मिक्सर लावायच्या आणि त्या घरघरीनं बरोबर खालच्या खोलीत झोपलेल्या बोराडे नानांची झोप मोडायची. दुसरा कुणी असता तर जिना चढून दोन शब्द बोलला असता. नानांनी अर्ज केला. रेघांचा फुलस्केप कागद, डावीकडे मोजून समास, 'प्रति, सौ. जोशी, दुसरा मजला'. खाली 'विषय : पहाटेचा मिक्सर उशिरा लावणेबाबत'. त्याखाली 'संदर्भ : आपण पाठविलेली ओल्या खोबऱ्याची चटणी'. चटणी उत्तम झाली होती हे पहिल्याच परिच्छेदात नमूद केलं होतं. शेवटी 'प्रत माहितीसाठी : श्री. जोशी'.

दुसऱ्या दिवसापासून मिक्सर सातला लागायला लागला. जोशीकाकांनी तो अर्ज जपून ठेवलाय. पाहुणे आले की दाखवतात.

कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची इमारत. नाना पहिल्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या समोर. नाना मूळचे खालापूरकडचे, एका सरकारी कचेरीत आवक-खिडकीवर कारकून होते. आवक म्हणजे जिथं लोकांचे अर्ज घेतात, शिक्का मारतात, वहीत नोंद करतात ती जागा. उभं आयुष्य त्या खिडकीत गेलं. निवृत्त झाले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या पत्नी मालतीकाकू गेल्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला. राहिले नाना आणि त्यांचा एकच प्रश्न. नळाला पाणी नाही म्हणा, सून बोलत नाही म्हणा, गुडघा दुखतो म्हणा, नाना चष्मा वर सरकवून विचारणार, "अर्ज केला का?"

गुडघ्यासाठी कुणाकडे अर्ज करायचा, असं माझ्या आईनं एकदा विचारलं होतं. नाना गंभीरपणे म्हणाले, "डाक्टरकडं. तोंडी सांगितलं की तो निम्मं इसरतो. लिहून न्यायचं."

अशा माणसाच्या समोरच्या घरात राहून मी परदेशातल्या विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करायला निघाले, याला माझं नशीब म्हणायचं की त्यांचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विषय होता मानवशास्त्र. नानांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. "म्हणजे माणसांचा अभ्यास?"

"हो नाना."

"माणसं तर हितंच हायत. मग अर्ज तिकडं कशाला?"

मी त्यांना पद्धत, सिद्धान्त, ग्रंथालयं असं बरंच काही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. मसुदा दाखव."

मसुदा म्हणजे उद्देशपत्र. आपल्याला काय शिकायचंय, का शिकायचंय, हे दोन पानांत लिहायचं असतं. मी महिनाभर खपून ते इंग्रजीत लिहिलं होतं. नानांसाठी मराठी करून वाचायला बसले. जागतिकीकरण झालं, भांडवल झालं, अवकाशाची पुनर्रचना झाली. नाना हात वर करून म्हणाले, "थांब. मागणी कुठाय?"

"शेवटच्या परिच्छेदात आहे."

"बाय, साहेब तीन ओळी वाचतो. चौथ्या ओळीला त्याचा चहा येतो. मागणी पैल्या तीन ओळींत पायजे."

मी हसले. परदेशातल्या प्राध्यापकांना आणि कचेरीतल्या साहेबांना एकाच मापात काय मोजायचं? मसुदा तसाच पाठवला. शिफारसपत्रं माझ्या तीन प्राध्यापकांनी दिली. त्यात त्यांच्या गावच्या सरपंचांचं एक जोडावं म्हणून नानांनी आग्रह धरला होता, तोही मी मोडून काढला. अर्ज पोचल्याचे ईमेल आले, ते मात्र त्यांनी मला छापून आणायला लावले आणि स्वतः पंच करून फायलीत लावले. फायलीवर झोकदार अक्षरात लिहिलं, 'मानव'.

सहा ठिकाणी अर्ज केला होता. मार्चपर्यंत सहाही ठिकाणांहून नकार आले.

बाबांनी माझी एम.ए.ची हौस पुरवली होती, पण त्यांच्याही धीराला हद्द होती. इथल्याच एका पतपेढीत जागा होती, ओळखीचे गृहस्थ होते. बाबा म्हणाले, "आणखी एक वर्ष. मग मी सांगेन तिथं जायचं." रागानं नाही म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी नानांकडे जाऊन बसले आणि मला रडू आलं. नानांनी समजूत घातली नाही. सहा नकार छापून आणायला सांगितले, एकेक वाचायला लावला, पंच केला. मग म्हणाले, "एक बोलू? तुझ्या अर्जात माणूसच नाय. माणसांचा अभ्यास करते म्हणते आणि दोन पानांत एकाचं नाव नाय, गाव नाय. रविवारी मोकळी हायस का?"

रविवारी त्यांनी स्कूटर काढली. नानांची स्कूटर ताशी तीसच्या वर जात नाही आणि प्रत्येक वळणावर नाना हात बाहेर काढून वळायची सूचना देतात, समोर म्हैस असली तरी. माझा विषय त्यांना तोंडपाठ झाला होता. आमच्या भागात ज्यांनी जमिनी विकल्या त्यातले काही जण आता त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फार्महाऊसची राखण करतात. मी त्यांच्याविषयी पुस्तकांतून बरंच वाचलं होतं. त्यांच्यापैकी एकाशीही बोलले नव्हते.

खालापूरच्या अलीकडे एका हिरव्या फाटकापाशी नानांनी स्कूटर थांबवली. आत हरीभाऊ होते, पन्नाशीचे, निळा गणवेश, खिशाला शिट्टी. फाटकाच्या आतल्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आम्हाला त्यांवर बसवून ते स्वतः दगडावर बसले. नानांनी डिकीतून बिस्किटांचे पुडे काढून त्यांच्या हातात दिले. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांचा नियम.

मी वही उघडून पहिला प्रश्न वाचला, "जमिनीच्या हस्तांतरणानंतर तुमच्या अस्मितेत काय बदल झाला?"

हरीभाऊंनी नानांकडे बघितलं. नानांनी माझी वही हळूच मिटली आणि विचारलं, "हरी, हा आंबा कुणी लावलेला?"

"माज्या आज्यानं."

"पाणी कोण घालतो?"

"मीच घालतो की. मालक म्हैन्यातनं एकदा येतो."

"आणि आंबा पडला तर?"

हरीभाऊ थोडे हसले. "पडलेला खातो. झाडाचा काढायचा तर फोन करून इचारतो. मालक चांगला हाय, नाय म्हणत नाय कवा. पण इचारतो." मग झाडाकडे बघत म्हणाले, "बायको म्हणते, इचारू नका. मी म्हणतो, न इचारता काढला तर चोरी व्हईल, आणि इचारून काढला तर आज्याला काय वाटंल?"

महिनाभर खपून जे मला दोन पानांत लिहिता आलं नव्हतं ते या माणसानं दगडावर बसून सांगितलं होतं. परतताना मी नानांना विचारलं, असा प्रश्न तुम्हाला कसा सुचला. नाना वळणाचा हात दाखवत म्हणाले, "सुचायचं काय त्यात? खिडकीशी माणूस अर्ज घेऊन येतो, तवा अर्जात असतं एक आणि पोटात असतं दुसरं. पोटातलं इचारावं लागतं."

त्या वर्षी आम्ही बारा रविवार फिरलो. शिळफाट्याच्या बाजारापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत. नवं उद्देशपत्र हरीभाऊंच्या आंब्यापासून सुरू झालं आणि मला काय हवंय ते तिसऱ्या ओळीत आलं. संशोधन अनुदानाचाही अर्ज होता. त्यात प्रश्न होता, लोक तुम्हाला वेळ देतील त्याच्या बदल्यात तुम्ही काय द्याल? मी अडले. नाना म्हणाले, "मोबदला असं लिहू नको. त्यांना काम सांगितल्यासारखं वाटंल. पावण्यासारखी जाईन, रिकाम्या हातानं जाणार नाय, आणि लिवलेलं पैलं त्यांना वाचून दाखवीन. एवढं लिही." तसंच्या तसं इंग्रजीत केलं.

एका विद्यापीठानं संध्याकाळी सातला व्हिडिओवर मुलाखत ठेवली. दोन दिवस आधी आमच्या जिन्यात सूचना लागली : 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, सायंकाळी सात ते आठ या वेळेत मिक्सर, हातोडी, मुलांचे रडणे व कुकरच्या शिट्ट्या शक्यतो टाळाव्यात.' नाना स्वतः खाली जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. इस्त्रीचा शर्ट घालून. जणू मुलाखत त्यांचीच होती. जोशीकाकूंनी त्या दिवशी सगळ्या इमारतीचा भात उघड्या पातेल्यात शिजला असं सांगितलं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, लोक बोलायलाच तयार झाले नाहीत तर काय कराल? मी म्हटलं, चहा पिऊन परत येईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. बाई हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

प्रवेश मिळाला. अनुदानही मिळालं. बाबांनी पतपेढीतल्या गृहस्थांना स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं आणि मग पेढे आणले. नानांनी पत्र दोनदा वाचलं, फायलीत लावलं आणि फाईल मला परत दिली. "आता तुझ्याकडं ठेव," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण रिकामं कपाट बंद करावं तसे त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर ठेवले.

जाण्याआधी दोन महिने इथंच काम करायचं होतं. आता मी बसनं, टेंपोनं, जमेल तशी एकटी फिरत होते. पिशवीत संमतीपत्रं असत. ज्याच्याविषयी लिहायचं त्याची सही घ्यावी लागते. एका रविवारी कुंभिवलीत एका घराबाहेर नानांची स्कूटर दिसली. माझ्यासाठी आधीच येऊन पोचले की काय, असं वाटून मी आत डोकावले.

ओटीवर नाना पाय पसरून बसले होते. समोर परात, परातीत भिजलेले मोडाचे वाल. शेजारी एक म्हातारी. दोघं मिळून वाल सोलत होती. मला बघून नाना कचेरीत डुलकी घेताना पकडल्यासारखे उठायला लागले.

"बसा," म्हातारी म्हणाली. मग मला, "तू त्या माणसांच्या अभ्यासाची का? ये. मी तारामावशी."

मावशीच सांगायला लागल्या. नवरा गेल्यावर सात-बाऱ्यावर नाव लागावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. वर्षं गेली, उत्तर नाही. "पण हा मातूर यायचा. रविवारी सायकलीवरनं. 'मावशी, अजून काय झालं नाय,' एवढंच सांगायला. मी म्हणायची, झालं नाय तर येतोस कशाला रं?"

"मग काय म्हणायचे?" मी विचारलं.

उत्तर नानांनी दिलं, परातीकडे बघत. "खिडकीवर माणसाला नाय म्हटलं तर तो चार शिव्या देतो नि घरी जातो. कायच म्हटलं नाय तर वाट बघत बसतो. अर्ज पुढं सरकवणं माझ्या हातात नव्हतं. सांगायला येणं हातात व्हतं."

"असा किती जणांकडं जायचा, इचार त्याला," मावशी म्हणाल्या. "मालती लई बोलायची, रविवार काय तो घरी बस म्हणून."

"मग तुमचं काम झालं का नाही, मावशी?"

"कवाच झालं. सात वर्सं झाली नाव लागून. पैल्यांदा पेढे घेऊन आला, मग म्हटलं आता काय येत नाय हा. पण मालती गेली आणि पुन्यांदा यायला लागला. दारात उभा राहून म्हणतो, चौकशीला आलो. कसली चौकशी, ते मी काय इचारते? म्हणते, बस."

नानांचे कान लाल झाले होते. माझा हात सवयीनं पिशवीतल्या संमतीपत्राकडे गेला, ते त्यांनी पाहिलं.

"ह्यो कागद नको काढू, बाय," ते म्हणाले. "हे तुझ्या अभ्यासात नको. एरवी कुठं सांगायचं तर सांग, पण नाव बदल."

मी म्हटलं बदलेन. ते मी बदललंय.

मावशींनी मला पाट दिला. नानांनी परात थोडी माझ्याकडे सरकवली. "दाबू नको जोरात," म्हणाले, "डाळी फुटतात. नुसतं चिमटीत धर, आपसूक सुटतं."

मग आम्ही तिघं वाल संपेपर्यंत बसलो.