सिद्रामअप्पांचा रकाना

सरकारी तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना असतो. त्यात लिहायचा शब्द एकच, 'निरंक'. आमचे सिद्रामअप्पा मात्र आधीचे अकरा रकाने भराभर उरकायचे आणि बाराव्याशी आले की खुर्ची पुढे ओढायचे, पेनात शाई भरायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा पाझर तलावाच्या प्रगतीच्या तक्त्यात त्यांनी लिहिलं, 'कामावर सावली एकाच बाभळीची आहे. सकाळी ती मुकादमावर असते, दुपारी सरकत तान्ह्या मुलांवर येते. सबब दुपारनंतर बायकांच्या हातून काम जास्त होते.' मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, या माणसाचं काही खरं नाही.

मी त्यांच्या शाखेत टायपिस्ट होते. मॅट्रिकला माझं इंग्रजी बरं होतं, हे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं आणि भाषांतरही माझ्याच गळ्यात पडलं. आडनाव म्याकल, घर विणकरांच्या वस्तीत, जीभ जरा तिखट. अप्पा सोडले तर शाखेत माझ्या वाटेला कुणी जायचं नाही. अप्पा अक्कलकोटकडचे, पन्नाशी ओलांडलेले. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, पुन्हा लग्न केलं नाही. एका खोलीत भाड्यानं राहायचे. हे सगळं मला शिपायाकडून कळलं, कारण अप्पा स्वतःबद्दल कधी बोलायचे नाहीत. बोलायचे ते दिल्लीवाल्याबद्दल.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण सांगोल्याच्या बाजूला तो सरल्याचं कुणी कळवलं नव्हतं. त्या भागातल्या कामांना दिल्लीहून अनुदान यायचं. आपोआप नाही. गावानं तालुक्याला सांगायचं, तालुक्यानं जिल्ह्याला, म्हणजे आम्हाला, आम्ही मुंबईला, मुंबईनं दिल्लीला. मग पहिला हप्ता यायचा. त्याचं काय केलं ते दर तीन महिन्यांनी तक्ता भरून कळवायचं, आणि दिल्लीला ते पटलं तरच दुसरा हप्ता. आम्हा सगळ्यांना दिल्ली म्हणजे एक मोठी इमारत वाटायची. अप्पांना मात्र तिथं एकच माणूस दिसायचा. सडपातळ, चष्मेवाला, मूळचा कुठल्यातरी खेड्यातला, दुपारचा डबा टेबलावरच उघडणारा.

"त्याला काय दिसतंय तिथनं?" अप्पा मला विचारायचे. "अकरा रकाने आकड्यांचे. आकड्यात बाभळ दिसंल का? म्हणून मी लिहितो की."

तक्ता रवाना झाला की अप्पांचा प्रवास सुरू व्हायचा. संध्याकाळी खिडकीशी उभे राहून, आता कुर्डुवाडी सुटलं असेल, म्हणायचे. मुंबईत कागद पंधरा दिवस बसणार हे त्यांना ठाऊक होतं, त्याचा दोष ते तिथल्या दमट हवेला द्यायचे. मग एके दिवशी काही कारण नसताना सकाळी येऊन जाहीर करायचे की आज पोचला. त्या दिवशी चारचा चहा साडेतीनलाच. का, तर दिल्लीवाला तक्ता वाचत असणार, त्याला एकट्याला कशाला चहा प्यायला लावायचा. शाखा हसायची. साहेबही म्हणायचे, अप्पा, हा तक्ता आहे की पोथी? आणि न वाचता सही करायचे. अप्पाही हसायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर, जिथं कापडगिरणीची चिमणी आणि आभाळ यापलीकडे काही नव्हतं, तिथं तासन् तास बघायचे.

आता माझं पाप सांगते. स्टेन्सिलवर तो रकाना दीड इंचाचा. त्यात बाभळ, मुकादम, तान्ही मुलं इंग्रजीतून बसवायची म्हणजे जीव जायचा. एका शनिवारी मला लवकर घरी जायचं होतं. मी अप्पांचा शेरा वाचला, इकडे तिकडे पाहिलं आणि 'निल' टाइप केलं. इंग्रजीत तीन अक्षरं, अर्थ निरंक. कुणाला पत्ता लागला नाही; अप्पांची सही हातच्या मसुद्यावर असायची, टाइप झालेली प्रत थेट साहेबांकडे जायची. पुढच्या तिमाहीला परत तेच केलं, आणि मग ती सवयच झाली. कोण वाचतंय तिथं, अशी मी माझी समजूत घातली. पुढची दोन वर्षं अप्पांचं एक वाक्य काही दिल्लीला गेलं नाही.

आणि मग दिल्लीचं पथक आलं. खिल्लारवाडीचा पाझर तलाव अर्धा झाला होता. पहिला हप्ता संपला होता, आणि दुसरा द्यायचा की नाही हे पथक बघून ठरवणार होतं. नाही म्हटलं तर काम बंद, आणि अर्धा बांध पहिल्या जोरदार पावसात वाहून जाणार. टिपणं घ्यायला इंग्रजी येणारं कुणी हवं म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. वाटेत दोनदा मला म्हणाले, बघा बाई, पहिल्यांदा बाभळीचंच विचारतील. सांगून टाकावं असं दहादा वाटलं. नाही सांगितलं.

दिल्लीचे साहेब सडपातळ नव्हते. डोळ्यांवर काळा गॉगल, पोटाचा काहीतरी विकार, उकळलेलं पाणी सोबत. बाभळीखाली खुर्ची टाकली तर तिथं बसले, पण झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. फाईल उघडली, आठही तक्ते चाळले आणि हिंदीत म्हणाले की काम बरं आहे, पण असं बरं काम दहा जिल्ह्यांत चाललंय. पैसे थोडे आहेत. बाकीच्यांनी आपापल्या अडचणी पानं भरभरून कळवल्यात. तुमच्या शेऱ्यात सगळीकडे निल. तुम्हाला विशेष काही म्हणायचंच नसेल, तर मी दिल्लीत जाऊन तुमच्यासाठी काय म्हणू?

अप्पांनी फाईल मागून घेतली. एक तक्ता पाहिला, मग दुसरा. आठवा पाहून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. गर्दीत हात सुटलेलं लेकरू बघतं तसं बघितलं त्यांनी. बांधावरच्या बायका पाट्या खाली ठेवून आमच्याकडे बघत उभ्या होत्या.

"साहेब, चूक माझ्याकडनं झाली," अप्पा म्हणाले. "शेऱ्याची टिपणं माझ्याच टेबलात राहिली. बाईंकडं दिलीच नाहीत मी."

आयुष्यात एका चुकीच्या आकड्यावर सही न केलेला माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला. वर म्हणाला, आता तोंडानं सांगतो की, चालंल का? साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

अप्पा सांगू लागले आणि मी बाजारात शिकलेल्या माझ्या हिंदीत ते साहेबांना सांगत गेले. पाणी कुठवर येणार ते इंजिनियरनं चुन्यानं आखून दिलंय. गावानं ती रेघ दोन वर्षं पुसू दिली नाही, दर अमावास्येला कुणीतरी नवा चुना ओढतं. बायकांनी धुणं धुवायच्या जागा आत्ताच वाटून घेतल्यात आणि त्यावरून एक भांडणही झालंय. आणि बिरूबा मेंढक्यानं त्या रेघेवर दगडाची पायरी बांधलीय, मेंढरांना पाणी प्यायला. रोज दिवस मावळताना तो कळप तिथं नेतो, थोडा वेळ उभा करतो आणि परत आणतो.

"पानी तो है नहीं," साहेब म्हणाले.

ते उठले आणि रेघेपर्यंत चालत गेले. बिरूबा तिथंच होता. पाणी नसताना कळप का आणतोस, साहेबांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं. "मेंढरांना वाट म्हाईत पायजे की," तो म्हणाला. "पानी आल्यावर शिकवाय कवा बसू? लई म्हातारी हायती त्यातली." साहेब त्या पायरीवर बसले. गॉगल काढला. खाली नुसता कोरडा खड्डा, त्यात ऊन आणि वाऱ्यानं फिरणारा पाचोळा. बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले ते, अप्पा खिडकीबाहेर बघायचे तसेच. मग मला म्हणाले, लिहा. मी लिहिलं. दुसऱ्या हप्त्याची शिफारस मी स्वतःच्या हातानं लघुलिपीत उतरवली.

परतताना पथक पुढच्या गाडीत, मागच्या जीपमध्ये आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. मंगळवेढा मागे पडलं. तेव्हा मी म्हटलं, अप्पा, माझं चुकलं. तुम्ही मला बोला.

ते म्हणाले, "एकपण गेला नव्हता?"

"एकपण नाही."

त्यांनी मान डोलावली. जीपच्या धुळीतून बाहेर बघत सावकाश म्हणाले, "खोलीवर बोलायला कोण नाही ओ, बाई. दिवसभर बघितलेलं कुठंतरी सांगावं वाटतं. तिकडं एकजण ऐकतोय, एवढंच धरून होतो मी." मला रडू आवरेना. मी मूर्खासारखी पदर तोंडाला लावून बसले.

मग ते एकदम वळले. "पण टाइप करायच्या आधी तुमी वाचत होता का?"

वाचत होते. कामात वेळ नाही म्हणून निल मारणारी मी, प्रत्येक शेरा दोनदा वाचायची. घरी जाऊन आईला सांगायची. आई विचारायची, त्या भांडणातल्या बायकांचं पुढं काय झालं गं? हे मी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"सगळे वाचलेत," मी म्हटलं, आणि पुरावा म्हणून पहिल्या तिमाहीपासून म्हणायला लागले. बाभळीची सावली, मुकादम, तान्ही मुलं, शब्दाला शब्द. दुसरा शेरा झाला, तिसरा झाला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, ओठ माझ्याबरोबर हलत होते. चौथ्यात मी एक शब्द चुकले, तो त्यांनी दुरुस्त केला.

"म्हणजे पोचलं की," ते म्हणाले. "म्हणा, पुढचं म्हणा."