वारा समोरून असणार

विमानाची भीती वाटते, ही गोष्ट हेडमास्तरांनी बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. आता लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदाच जायचं होतं, आणि तेही विमानानं. त्यांनी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला, दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून अंतर मोजलं आणि विमानाच्या वेगानं भागलं. उत्तर आलं जेमतेम अडीच तास. तिकिटावर मात्र निघण्यापासून पोचेपर्यंत चांगले सात तास होत होते.

"वारा समोरून असणार," त्यांनी बायकोला सांगितलं. व्याह्यांनाही फोन करून वाऱ्याचा सगळा धडा शिकवला.

गणित बरोबर होतं. तिकिटावरची मधली ओळ तेवढी त्यांनी वाचली नव्हती. वाटेत विमान बदलायचं होतं आणि दुसऱ्यासाठी बराच वेळ ताटकळायचं होतं.

सात तास जागेपणी आभाळात काढणं त्यांना जमणारच नव्हतं. जागेवर बसताच त्यांनी बायकोची नजर चुकवून झोपेची गोळी घेतली. एकीनं भागेल की नाही, या शंकेनं आणखी एक घेतली. विमान उडायच्या आधीच ते घोरायला लागले.

पाऊण तासात विमान उतरलं. हेडमास्तरीणबाईंनी त्यांना हलवलं, चिमटे काढले, कानाशी ओरडून पाहिलं. शेवटी चौघांनी उचलून त्यांना चाकाच्या खुर्चीत घातलं. बाईंनी रडत रडत व्याह्यांना फोन केला, की यांना काहीतरी झालंय, शुद्धच नाही. तेवढ्यात विमानतळावरचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, मग खिसा चाचपून गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं.

"काही झालेलं नाही. झोपलेत."

आजूबाजूचे लोक हसू दाबत पांगले. व्याह्यांना पुन्हा फोन करून सांगायचं तरी काय, म्हणून बाईंनी केलाच नाही.

दुसरं विमान सुटायच्या सुमाराला हेडमास्तर जागे झाले. पाकीट बाईंनी पर्समध्ये टाकलं होतं. उरलेला सगळा प्रवास हेडमास्तरांनी डोळे मिटून, टक्क जागेपणी केला.

बाहेर सगळं सासर जमलं होतं. विहीणबाईंचे डोळे सुजले होते. व्याही खुर्ची घेऊन धावत आले आणि धडधाकट हेडमास्तरांना दंडाला धरून बसवू लागले. "बोलू नका, त्रास होईल."

गप्प बसलं असतं तर निभावलंही असतं. पण बाई खाली मान घालून उभ्या होत्या. हेडमास्तर उठले आणि वर्गात उभं केलेल्या पोरासारखे, कानापर्यंत लाल होत, सगळं सांगून मोकळे झाले. गोळ्यांचं नावसुद्धा सांगितलं. कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. जावई आभाळाकडे बघत राहिले.

"चला घरी," विहीणबाई कोरडेपणानं म्हणाल्या.

गाडीकडे जाताना सामान ढकलणारे व्याही मुद्दाम हेडमास्तरांसोबत मागे रेंगाळले. बायका पुढे गेल्याची खात्री करून त्यांनी घसा खाकरला.

"आता परतभेटीला आम्हाला तुमच्याकडे यायचंय. ही म्हणते, विमानानंच जाऊ." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या गोळीचं नाव काय म्हणालात?"

हेडमास्तरांनी हळूच नाव सांगितलं.

"पण एकच घ्या," ते म्हणाले.