वळसंगच्या जखमा सात रस्त्यावर

अख्ख्या जिल्ह्यात जखमेची पट्टी विकावी तर बिभीषणनंच! असं खुद्द बिभीषणचं मत होतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या पट्ट्यांच्या कारखान्यात तो विक्री अधिकारी. आज शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या हॉटेलात पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या मंजुनाथ साहेबांसमोर त्याचं भाषण होतं. लेकाचं कौतुक बघायला वळसंग गावाहून आई, फुलाबाई, पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

बिभीषण वरातीतल्या बँडसारखा सुटला. "आपला धंदा वाढणारच! घरोघरी शुगर वाढलीय. माणसं जास्त जगतायत, म्हातारपणी जखमा लवकर भरत नाहीत. ऑपरेशनं वाढलीत, रस्त्यावर गाड्या वाढल्यात. जिकडं बघावं तिकडं जखमाच जखमा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि फुलाबाई ताडकन उठली. "आरं, लोकांस्नी जखमा झाल्या म्हणून टाळ्या कसल्या वाजवतायसा?"

बिभीषणनं माइकवरूनच खुलासा केला.

"आये, मी जखमा करत न्हाय, बऱ्या करतो!"

"व्हय? मग आपल्या शेजारच्या सिद्धप्पाचा पाय पाडव्यापासनं वाहतोय, त्यो का बरा हुईना?" असं म्हणून तिनं तिथूनच फोन लावला. "सिद्धप्पा, सात रस्त्याला ये! बिभीषण फुकट पट्टी बांदतोय. आन् कुणाकुणाला लागलंय त्यास्नी बी घिऊन ये!"

जेवणाच्या वेळेला टेम्पो भरून वळसंग दारात हजर! कुणाचा पाय, कुणाचं कोपर. एका आजीनं तर कुत्रं चावलेली शेळीच आणलेली. नोकरी गेलीच, असं बिभीषणला वाटलं. पण मंजुनाथ साहेबांनी पाठ थोपटली. "वा! मागणी नुसती सांगितली नाहीस, टेम्पोत भरून आणलीस!"

बिभीषणची छाती फुगली. "तसं प्लॅनिंगच होतं, सर!"

पट्टी बांधून दाखवायला वैजयंती सिस्टर आल्या होत्या. पण साहेब लोकांसमोर पाय पुढं करायला कुणीच धजेना.

"घाबरताय काय? हे बघा!" बिभीषणनं ऐटीत बूट-मोजा काढून पाय खुर्चीवर ठेवला.

सिस्टरनी तळव्याला पायाची जाणीव तपासायची बारीक तार टेकवली. "लागतंय का?"

"आधी टोचा तरी, सिस्टर!"

"टोचतेच आहे." त्यांनी पाय उलटा केला. टाचेला रुपयाएवढी जखम! "अहो, बुटातला खिळा घुसलाय की! कळलं नाही? शुगरनं पाय असा बधिर होतो. कधी तपासलीत?"

गावोगाव शुगरवर भाषणं ठोकणाऱ्यानं स्वतःची कधीच तपासली नव्हती. तपासली, तर तीनशेच्या वर निघाली! फुलाबाईनं बिभीषणला खाली बसवून त्याचा पाय मांडीवर घेतला आणि लहानपणी घालायची तशी फुंकर घातली. सिद्धप्पा हळूच बाजूला सरकला. "बस हितं माज्याशेजारी. दोगं मिळून पट्टी बांदून घिऊ."

दोघांच्याही जखमा भरल्या. सिद्धप्पाला वेळ लागला, बिभीषणला गोड सोडावं लागलं.

आता मंजुनाथ साहेब प्रत्येक सभेत बिभीषणच्या टाचेचे आधीचे आणि नंतरचे फोटो पडद्यावर दाखवतात. फुलाबाई गावभर सांगत सुटते, "पुण्यात माज्या पोराचा पाय दावत्यात, भिंतीयेवढा! तोंड न्हाय दावलं, पर पायबी लई देखणा हाय की त्याचा!"