अण्णांचं टेस्टिंग

अण्णा चौगुले माणसांना 'काय रं' म्हणतात आणि गाडीला 'अहो'.

बँकेचा मॅनेजर असो नाहीतर कॉलनीत पत्ता विचारायला आलेला कुणी पावणा, अण्णा फाटकातूनच ओरडणार, "काय रं, कुणाकडं?" पण रोज सकाळी गाडीवरचं कापड काढताना हाच माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "अहो, उठा आता. ऊन आलं."

अण्णांनी आयुष्यभर इचलकरंजीच्या कापडाची दलाली केली. बेळगाव, हुबळी, सोलापूर, सगळं गाडीनं आणि एकट्यानं. तेव्हाच गाडीशी बोलायची सवय लागली असावी. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "बसवू कुठं? शेजारच्या सीटवर सॅम्पलं असायची."

दुसरी खोड म्हणजे 'मूळ'. तुम्ही नुसतं शिंका, अण्णा हजर. "मूळ सांग, मूळ! गार पाणी प्यालास का भिजलास?" माझ्या मुलीला दहावीत गणितात कमी मार्क पडले, तेव्हा मूळ शोधत शोधत ते तिच्या चौथीच्या बाईंच्या घरी जाऊन आले. त्या बाई अजून मला रस्त्यात बघितलं की गल्ली बदलतात.

तर एका सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. चेहरा असा, की घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे.

"सुभ्या, चल. डोळा पिवळा झालाय."

मला वाटलं, कावीळ. मी चपला घालून धावलो, तर गाडीत स्टेअरिंगच्या मागं इंजिनाच्या चित्राचा छोटासा पिवळा दिवा लागला होता.

उद्यमनगरात इम्तियाजचं गॅरेज आहे. त्यानं हातातलं मशीन गाडीला जोडलं आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर दाखवालंय, अण्णा. धुराच्या नळीत बसलेला असतो. हवा जास्त हाय का पेट्रोल जास्त, ते इंजिनाला कळवतो."

"म्हंजे नाक."

"नाकच म्हणा. पण आधी नळी बगतो, मग..."

"बगायचं काय त्यात? नाक बिघडलंय तर नाक बदल!"

सगळ्या कोल्हापूरला मूळ विचारत हिंडणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीचं मूळ काही विचारलं नाही. घाबरले होते, दुसरं काय! नवा सेन्सर बसला, दिवा विझला. अण्णांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि "दमलासा" म्हणून गाडी घरी आणली.

दोन दिवसांनी दिवा परत लागला.

"नवा सेन्सरच खराब दिला असेल," मी म्हणालो.

"तसं न्हवं," अण्णा म्हणाले. "नवी सून हाय. घर कळाय जरा वेळ लागतोय."

त्यांनी सुनेला वेळ दिला. सून काही रुळेना. शेवटी आम्ही पुन्हा उद्यमनगरात. या वेळी इम्तियाजनं अण्णांना स्टुलावर बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली. सेन्सरची वायर बघितली, प्लग बघितला. सगळं ठीक. मग त्यानं इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरलं. तशी पुढच्या बाजूनं बारीक 'फिस्स' ऐकू आली.

"ऐकलासा? नळीच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलंय. तिथनं भायली हवा आत शिराय लागलीया. सेन्सर म्हणतोय, हवा जास्त हाय. खरं त्येच सांगत हुता की. जुना बी आणि नवा बी."

अण्णा स्टुलावरून उठले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे जुन्याला उगंचच काढलं?"

त्यांनी जुना सेन्सर मागून घेतला आणि रुमालात गुंडाळून घरी आणला. तो आता त्यांच्या शोकेसमध्ये, गणपतीशेजारी आहे.

गॅस्केट बदललं. इम्तियाजनं मशीन लावून दिवा घालवला आणि सांगितलं, "आता काय दिवस रोज चालवा. कवा सावकाश, कवा जरा पळवत. दिवा परत लागला न्हाय, म्हंजे सुटलासा."

झालं. अण्णांचं टेस्टिंग सुरू झालं.

आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या घरात कुसुमअक्का उपाध्ये एकट्याच राहतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रोज व्यायामासाठी राजारामपुरीतल्या दवाखान्यात जावं लागे. रिक्षात चढता-उतरताना त्यांचे डोळे भरून यायचे. सगळ्यांनी गाडीची तयारी दाखवली, पण अक्का कुणाच्या उपकारात राहणाऱ्या नव्हेत. अण्णा मात्र सरळ त्यांच्या दारात गेले.

"अक्का, टेस्टिंग हाय. चल, बस गाडीत."

"मी कशाला?"

"रिकाम्या गाडीचं काय कळत न्हाय. आत वजन पायजे."

"मी वजन व्हय रं?"

"पोतं ठेवलं असतं. पण पोतं बोलत न्हाय, वाटंत झोप येती."

अक्का हसल्या आणि बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. आठवडा गेला, पुढं दोन महिने गेले. मी विचारलं, की अण्णांचं एकच उत्तर, "चालू हाय टेस्टिंग. गडबड करून चालत न्हाय."

परवा मलाही राजारामपुरीत काम होतं, म्हणून मी मागच्या सीटवर बसलो. पुढं दोघांचं भेंडी कुठली कोवळी यावरून जोरात भांडण चाललेलं. मी वाकून बघितलं. पिवळा दिवा कुठंच नव्हता.

अण्णा गाडी लावायला गेले आणि मी अक्कांबरोबर दवाखान्याचा जिना चढू लागलो. अक्का कठडा न धरता माझ्या पुढं चढत होत्या.

"अक्का," मी म्हणालो, "गाडीचा दिवा तर गेलाय."

"कवाच गेलाय. मी पुढंच बसतो की रोज. मला दिसत न्हाय व्हय?"

"मग बोलला नाहीत?"

अक्का वरच्या पायरीवर थांबल्या. "माझा गुडघा बी बरा झालाय. इथल्या पोरीनं मागल्या महिन्यातच सांगितलंय, आता घरीच करा व्यायाम."

"मग इथं येऊन करता काय?"

"बसतो जरा बाकावर. पाणी पितो. मग जातो खाली." त्यांनी पदर सारखा केला. "रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उभारतोय रं त्यो दारात. उद्यापासनं नको, म्हणून कसं सांगू त्येला?"

तेवढ्यात खालून अण्णांचा आवाज आला. "अक्का, आज येताना कळंब्याकडनं जाऊया काय? लांबच्या रस्त्याला कशी चालती, बगूया!"

"बगूया की!" अक्का वरूनच ओरडल्या. मग माझ्याकडं वळून आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू येताना रिक्षानं ये."