गाडी मागून बसते

गाडी मागून बसते, हे बेबीताईंचं म्हणणं कोणीच खरं मानलं नाही. नवऱ्यानं मानलं नाही, मिस्त्रीनं मानलं नाही. सासूबाईंना तर गाडीशी काहीच देणंघेणं नव्हतं, पण सून म्हणते म्हटल्यावर त्यांनीही मानलं नाही.

एकाहत्तरची लढाई सुरू होती. जबलपूरचे कारखाने दिवसरात्र चालत होते आणि दिवे लागायच्या वेळी गाव अंधार करून बसत होतं. जवळच्या पाटणचा मटार कारखान्याच्या कँटीनला पोचवायचं काम बेबीताईंनी भांडून मिळवलं होतं. एक दिवस माल चुकला की काम दुसऱ्याला, असं कँटीनवाल्यानं बजावलं होतं. म्हणून त्यांनी लिलावातल्या जुन्या पिकअपमागे एक ट्रॉली जोडून घेतली. एवढंच केलं त्यांनी. पुढचं सगळं त्यातून निघालं.

गाडी नवरा चालवायचा, अंबादास. कारखान्यात तो तोफांच्या गाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचा, त्यामुळे कमानीबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं चालत नसे. बेबीताई पिकअपच्या अगदी मागच्या फळीवर, ट्रॉलीकडे तोंड करून बसायच्या, कारण गाडी हळू झाली की लोक पोत्यातून मटार ओढतात. आणि जवळ त्यांची वजनांची थैली. पाटणच्या बाजारात एकदा कोणीतरी त्यांचं वजन खालून घासून हलकं केलं होतं. तेव्हापासून ती थैली त्या जमिनीवरसुद्धा एकटी ठेवत नसत. (नवऱ्याला ठेवत.)

"अहो, ट्रॉलीचं हूक रस्त्याले घासून राहिलं," त्या मागून ओरडायच्या.

"रस्ताच वर आला असंल," अंबादास पुढून म्हणायचा.

मग एका संध्याकाळी ओमतीच्या चौकात शिपायानं अडवलं. गाडीचं नाक वर, दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर. वरून विमानाला काय दिसेल, असं त्यानं विचारलं आणि पुन्हा दिसलं तर गाडी मालासकट ठाण्यात, असं सांगून सोडलं.

दुसऱ्या दिवशी गोहलपूरला शालिग्राम मिस्त्रीकडे. बेबीताई थैली घेऊन खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाहा. मागून बसली का नाही?"

शालिग्राम वाकला, सरळ झाला. "गाडी तो सीधी खडी है, दीदी."

"आत्ता होती बसलेली."

"आपको देखके खडी हो गई होगी."

अंबादास हसला. त्या हसण्याचा हिशोब घरी झाला, आणि सकाळी तो आपणहून म्हणाला की मागच्या दोन्ही कमानींत एकेक जाड पट्टा वाढवून घेऊ.

पट्टे बसले. आता गाडी अशी कडक झाली की खड्ड्यात बेबीताई फळीवरून वीतभर उडायच्या. पण मजबूत झाली म्हणून त्यांनी एक सुधारणा केली. ट्रॉलीत असलेला मोठा लोखंडी काटा, पारड्यांसकट, आपल्याजवळ मागच्या फळीवर आणून ठेवला.

त्याच संध्याकाळी ओमतीच्या चौकात तोच शिपाई.

"बत्ती फिर ऊपर," तो म्हणाला.

बेबीताई थैली आणि काटा घेऊन उतरल्या, भांडायला. उजेड झाडावरून सरकत शिपायाच्या बुटांवर आला. शिपाई बुटांकडे बघत राहिला.

"कुठं वर आहे? तुमच्या पायाशी तर आहे," बेबीताई म्हणाल्या आणि फणकाऱ्यानं परत जाऊन बसल्या. उजेड झाडावर गेला.

"दीदी, जरा उतरिए."

त्या उतरल्या. बूट.

"अब चढिए."

झाड.

शिपायानं हे पुन्हा करवून घेतलं. बेबीताईंचं तोंड ट्रॉलीकडे. त्यांना उजेड दिसत नव्हता, पण शेवटी कोणीतरी मागे येऊन गाडीखाली वाकून नीट बघतंय, हे कळत होतं. "बसली ना मागून?" त्यांनी विचारलं. "किती दिवस सांगून राहिली मी."

"बिलकुल बैठती है," शिपाई म्हणाला.

बेबीताईंनी विजयानं अंबादासकडे मान वळवली.

शिपायानं अंबादासला खाली बोलावलं. माल लढाईचं काम करणाऱ्यांचा आहे, तो अडवणार नाही, म्हणाला. पण ज्याच्यामुळे बत्ती ऊपर जाते, तो आपल्या सामानासकट इथंच उतरेल आणि पायी घरी जाईल. "नाम बोलो."

अंबादासनं नव्या पट्ट्यांकडे पाहिलं, मटाराच्या पोत्यांकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. हाक मारायची तर "अवो". त्यानं टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि शक्य तितक्या आदरानं म्हणाला,

"बेबीताई."