रोज चालेल का?

घड्याळजींच्या दुकानात दुपारी दोन वाजले की सव्वीस घड्याळं आपापल्या सवडीनं दोन वाजवत, आणि शेवटचं वाजेपर्यंत घड्याळजींचा डोळा लागलेला असे. त्या दुपारी मात्र ते टक्क जागे होते. पोटात उकडलेली गाजरं होती आणि मनात एक क्रीम रोल ढगासारखा तरंगत होता.

झालं होतं असं की एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली. मनगटी घड्याळांचे काटे धुक्यात बुडाल्यासारखे दिसू लागले. "तीन महिन्यांत साखर खाली आणलीत तर नजर निवळेल," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर हे बारीक काम विसरा." आयुष्यात घड्याळजींना दुसरं काही येतच नव्हतं. त्या धक्क्यात पुढचं पथ्यपाणी त्यांनी ऐकलंच नाही. ते बायकोनं ऐकलं. "मीसुद्धा तुमच्याबरोबर तेच खाणार," तिनं जाहीर केलं. चार दिवस दोघं समोरासमोर बसून निमूटपणे काकडी चावत होते.

पाचव्या दिवशी घड्याळजींनी दुकानातून दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, डॉक्टरांना जरा विचारता का? क्रीम रोल... एखादाच... रोज चालेल का?"

दवाखान्यात कुणाच्या तरी मुलानं भोकाड पसरलं होतं. सिस्टरला शेवटचे तीनच शब्द धड ऐकू आले.

"डॉक्टर, घड्याळवाले काका विचारतायत, रोज चालेल का?"

"रोज चाललंच पाहिजे म्हणावं!" आतून डॉक्टर ओरडले.

सिस्टरनं पुढचा सगळा निरोप नीट पोचवला. "जेवण झालं की लगेच. आधी एक, आठवड्यानं दोन, असं करत करत चारपर्यंत जायचं."

"चार?" घड्याळजींनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"दम लागला की थांबायचं. आणि काका, कंटाळा करायचा नाही हं!"

घड्याळजींनी फोन ठेवला आणि डोळे मिटून दवाखान्याच्या दिशेनं हात जोडले. जगात अजून इतकी दया शिल्लक आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते चपला घालून बाहेर पडू लागले. कोपऱ्यावरच्या बेकरीतून रोल घ्यायचा, बाकावर बसायचं, डोळे मिटायचे. पहिल्या घासाला रस्त्याचा आवाज लांब जाई, दुसऱ्याला वय. आठवड्यानं एकाचे दोन झाले, मग तीन. डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "अहो, लहान काटा मोठ्याच्या जागी बसवलात! सकाळपासून चार तासांत माझे दोन दिवस गेले!"

घड्याळजींनी भिंग लावून पाहिलं. काटा दिसला, कुठला ते दिसेना. ते घाबरेघुबरे होऊन घरी आले, तर बायको हसतमुखानं दारातच उभी.

"अहो, मी डॉक्टरांना फोन केला होता. म्हटलं, हे तीनवर आलेत!"

"तुला... माहितीये?"

"झोपेत बडबडता की, 'उद्यापासून तीन, उद्यापासून तीन.' आणि जेवल्या जेवल्या बाहेर पडता, ते काय मला दिसत नाही? किती खूश झाले डॉक्टर! आता चारवर जा म्हणाले."

"पण नजर जास्तच धूसर झालीये गं."

"मग चार कराच. उद्यापासून मीही येते."

"ये की!" घड्याळजींना भरून आलं. "दोघांचे मिळून आठ!"

"मला बाई दोनच झेपतील."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. कोपऱ्यावर घड्याळजी थांबले.

"इतक्यात दम लागला?" बायकोनं विचारलं.

तेवढ्यात बेकरीवाल्या ताई खोका घेऊन बाहेर आल्या. "काका, आजपासून चार ना? बांधूनच ठेवलेत."

बायकोनं झाकण उघडलं. खोक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, चार किलोमीटर हो," ती हळूच म्हणाली. "चालायचं."

घड्याळजी कितीतरी वेळ खोक्यात बघत राहिले. "यात चार आहेत की पाच, तेही मला दिसत नाहीये गं," ते म्हणाले, आणि बाकावर बसले.

ती रागावणार होती. पण ते वाक्य ऐकल्यावर तिला रागावता येईना. तिनं खोका ताईंच्या हातात परत दिला, नवऱ्याचा हात धरून त्याला उठवलं आणि म्हणाली, "चला. आज एक."

मग खरोखरीच एक झालं, दोन झाले, झाडांखालून, ऊनसावल्यांतून, फारसं न बोलता चार झाले. गाजरांना हळूहळू चव आली. पट्टा दोन भोकं आत गेला. तपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी मान डोलावली.

त्या दुपारी घड्याळजींनी एका नाजूक घड्याळाचा मोहरीएवढा स्क्रू पहिल्याच प्रयत्नात बसवला. काटे लख्ख दिसत होते. त्यांना इतका आनंद झाला, की मान वर करून ते जगाकडे पाहू लागले: समोरच्या गच्चीवरचे कपडे, तारेवरचा पक्षी, आणि रस्त्याच्या पार टोकाला, खांबाआड भिंतीकडे तोंड करून उभी असलेली आपली बायको. तिच्या हातात बेकरीचा कागद होता. गाल भराभर हलत होते. मधेच तिचे डोळे मिटले आणि चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं, की घड्याळजींनी चटकन मान खाली घातली.

पाच मिनिटांनी ती दुकानात आली, पदरानं तोंड टिपत.

"काय हो, आता लांबचंही दिसतं का?"

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं.

"छे गं," ते म्हणाले, "लांबचं अजून जरा धूसरच आहे."